आठ कोयते, एक काटा

ऐकता ऐकता एक काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये जा आणि 'अबाउट फोन' उघडा. तिथे प्रोसेसरच्या नावाजवळ बहुतेकांना 'ऑक्टा-कोर' असं काहीतरी दिसेल. ऑक्टा म्हणजे आठ. म्हणजे तुमच्या खिशात एक नाही, आठ कॉम्प्युटर आहेत. आता प्रश्न असा, की हे आठही जण काम करतात का?

मला हा प्रश्न माझ्या वडिलांनी विचारला होता. आजचा भाग त्याच प्रश्नावर आहे. आणि त्याचं उत्तर शोधताना मला एक मराठी माणूस भेटला. प्रत्यक्षात नाही, इतिहासात. त्याच्याबद्दल आपल्याला शाळेत कुणीच काही सांगितलं नव्हतं.

लॅपटॉप आणि ऊसबिल

आमचं घर इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. कॉलेज बारामतीत. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा विषय निवडायचा होता आणि मी निवडला ऊसतोडीचा प्रोग्राम. प्रोग्राम म्हणजे आपल्याकडे म्हणतात तो, कुणाचा ऊस कधी तुटणार याची यादी.

विषय उगाच नव्हता निवडला. त्याच्या आदल्या हंगामात आमच्या आडसालीला टोळी आली ती थेट मार्चमध्ये. तोवर उसाला तुरे येऊन गेले होते, कांडी पोकळ पडली होती. काट्यावर वजन आलं तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. पावती घडी करून खिशात ठेवली, बस्स.

तर माझी कल्पना सोपी होती. कोणत्या गावचा, कोणत्या पंधरवड्यातल्या लागणीचा, किती टन ऊस, कोणत्या दिवशी तोडायचा? अटी अशा, की कारखान्याची गव्हाण रिकामी राहता कामा नये, टोळ्या आहेत तेवढ्याच वापरायच्या, आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत पडू द्यायचा नाही. या अटी पाळून एकूण नुकसान कमीत कमी कसं होईल? गणितात याला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. माझ्या गणितात हजारो अज्ञात संख्या होत्या.

कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर ते चालेना. मग ऊसबिलाच्या हप्त्यातून अण्णांनी मला आठ कोरचा लॅपटॉप घेऊन दिला. त्या पैशात विहिरीवरची मोटर बदलायची होती. ती तशीच राहिली.

प्रोग्राम सुरू केला आणि आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. जेवणं झाली, भांडी झाली, तरी उत्तर नाही. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयूचा वापर बारा-तेरा टक्के. शंभर भागिले आठ, म्हणजे साडेबारा. एकच कोर राबत होता, बाकी सात बसून.

अण्णा म्हणाले, "पोरी, आठ डोकी हायत म्हनतीस, मग एकच का राबतंय?"

मला उत्तर देता आलं नाही.

काट्यावरची रांग

उत्तराचा पहिला भाग १९६७ सालचा आहे. जीन अ‍ॅमडाल नावाचे अमेरिकन कॉम्प्युटर डिझायनर होते. त्यांनी त्या वर्षी एका परिषदेत जो मुद्दा मांडला, तो आपण उसाच्या भाषेत बघू.

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. समजा एका कोयत्याला एक खेप करायला १०० मिनिटं लागतात. त्यातली ९० मिनिटं तोडणी आणि १० मिनिटं काट्यावर वजन. आता आठ कोयते लावले. तोडणी आठ जणांत वाटली गेली, म्हणजे सव्वाअकरा मिनिटं. पण काटा एकच आहे. तिथली १० मिनिटं तशीच. एकूण सव्वाएकवीस मिनिटं. आठ कोयते लावून काम आठपट नाही, पावणेपाचपटच्या आसपास वेगाने झालं. आणि हजार कोयते लावले तरी दहापटीच्या पुढे जाताच येत नाही, कारण काट्याची दहा मिनिटं कुणीच वाटून घेऊ शकत नाही.

याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी तुमचा वेग ठरवतो. म्हणून किती कोर आहेत हा प्रश्न दुय्यम. आधी विचारायचं, या गणितात काटा कुठे आहे?

माझ्या गणितात तो कुठे होता, हे समजायला अजून मागे जावं लागलं.

बांधावरून की उसातून

१९४७ मध्ये जॉर्ज डँटझिग या अमेरिकन गणितज्ञाने लिनियर प्रोग्रॅमिंग सोडवायची एक रीत शोधली, सिम्प्लेक्स. आजही ती जगभर वापरतात. तिची कल्पना अशी. तुमच्या सगळ्या अटी मिळून एक आकार तयार होतो, वावरासारखा, चारही बाजूंनी बांध असलेला. सर्वांत चांगलं उत्तर त्या वावराच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असतं. सिम्प्लेक्स बांधावरून चालतं. एका कोपऱ्यावर उभं राहायचं, कोणत्या बांधाने गेलं तर फायदा वाढतो ते बघायचं, पुढच्या कोपऱ्यावर जायचं, पुन्हा बघायचं.

रीत उत्तम आहे. पण पुढचा कोपरा कोणता, हे या कोपऱ्यावर पोहोचल्याशिवाय कळत नाही. म्हणजे आठ माणसं असून उपयोग काय? सात जण पहिल्याच्या मागे बांधावर रांगेत उभे. माझ्या लॅपटॉपमध्ये नेमकं हेच चाललं होतं. सॉल्व्हर सिम्प्लेक्स वापरत होता. अख्खं गणितच काट्यावर उभं होतं.

आता येतात नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले. आयआयटी मुंबईतून १९७८ ला बी.टेक., मग अमेरिकेत कॅल्टेक आणि बर्कली. १९८४ मध्ये ते बेल लॅब्जमध्ये होते, तेव्हा त्यांनी लिनियर प्रोग्रॅमिंगची नवी रीत मांडली. बातमी थेट न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली.

त्यांची रीत बांधावरून चालतच नाही. सरळ उसातून घुसते. वावराच्या मधोमध उभं राहायचं, तिथून कोणत्या दिशेला जायचं ते ठरवायचं आणि आतूनच उत्तराकडे सरकायचं. म्हणून या कुळातल्या रीतींना 'इंटिरिअर पॉइंट' म्हणतात. आतून जायची कल्पना अगदी पहिल्यांदा त्यांनाच सुचली असंही नाही. सोव्हिएत गणितज्ञ डिकिन यांनी १९६७ मध्येच तसं काही मांडलं होतं, पण तेव्हा फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. करमरकरांनी ही वाट किती पावलांत संपेल याची गणिती हमी दिली.

आणि इथे आपल्या विषयाची खरी गंमत आहे. सिम्प्लेक्समध्ये पावलं पुष्कळ, पण प्रत्येक पाऊल हलकं. करमरकरांच्या वाटेत पावलं थोडी, मोठ्या गणितातही बऱ्याचदा काही डझन. पण प्रत्येक पाऊल जड. एका पावलासाठी हजारो समीकरणं एकदम सोडवावी लागतात. एका माणसाला हे ओझं वाटेल. आठ जणांना मात्र ते वाटून घेता येतं!

कऱ्हा, नीरा, भीमा

समीकरणं वाटून कशी घेतात? शाळेत आपण दोन समीकरणं सोडवायचो. एकातून क्ष काढायचा, दुसऱ्यात घालायचा. इथेही तेच, फक्त हजारो वेळा. एकामागून एक अज्ञात संख्या काढत जायच्या. पण प्रत्येक समीकरणात सगळ्या संख्या नसतात. बावड्याच्या उसाचा आणि मोरगावच्या उसाचा एकमेकांशी थेट संबंध नसतो, तो फक्त कारखान्यापाशी येतो.

आता आपल्या नद्या आठवा. गावोगावचे ओढे आपापल्या वाटेने वाहतात. कऱ्हा बारामतीतून येते आणि सोनगावला नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. दोन ओढ्यांना एकमेकांची वाट बघावी लागत नाही. पण संगमाच्या पुढचं पाणी किती, हे दोन्हीकडचं पाणी आल्याशिवाय सांगता येत नाही.

समीकरणांचंही असंच एक झाड बनतं. कोणती संख्या आधी काढायची हा क्रम हुशारीने लावला, तर बरेचसे ओढे स्वतंत्र राहतात. एक कोर कऱ्हेचं बघतो, दुसरा वरच्या नीरेचं. संगमाला दोघांनी भेटायचं. शेवटी नरसिंहपूरला एक मोठं, गच्च भरलेलं गणित उरतं. तेही चौकोनी तुकडे पाडून सगळ्या कोरांना वाटता येतं.

म्हणजे प्रश्न तोच, उत्तर तेच, पण कामाची मांडणी बदलली आणि काट्यावरची रांग कमी झाली. करमरकरांनी ही रीत मल्टिकोरसाठी शोधली नव्हती. १९८४ ला घराघरातल्या कॉम्प्युटरमध्ये एकच कोर असायचा. पण पुढे जे यंत्र येणार होतं, त्याला लागणारा आकार या गणितात आधीच होता.

हे त्यांच्या कंपनीच्याही लक्षात आलं. एटी अँड टीने १९८८ च्या सुमारास 'कॉरबेक्स' नावाचं उत्पादन बाजारात आणलं. त्यात अनेक प्रोसेसर असलेलं यंत्र आणि त्याच्यासाठीच बसवलेलं करमरकरांचं गणित, असा एकत्र संच होता. किंमत ८९ लाख डॉलर. गणिताच्या रीतीवर अमेरिकेत पेटंटही घेतलं गेलं आणि त्यावर बराच वाद झाला. गणितावर कुणाची मालकी असू शकते का, असा तो वाद होता. २००६ मध्ये त्या पेटंटची मुदत संपली. आज ती वाट सगळ्यांना मोकळी आहे.

त्याच वर्षी, पुण्यात

१९८८ हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात सी-डॅक सुरू झालं. भारताला अमेरिकेकडून ताकदवान सुपरकॉम्प्युटर हवा होता. हवामानासाठी एक मिळाला, पण कमी ताकदीचा आणि अटी घालून. मग ठरलं, आपणच बनवू. काम दिलं गेलं डॉ. विजय भटकर यांच्याकडे, मूळ अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षं.

एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवणं आपल्याला परवडणारं नव्हतं. म्हणून बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर, ट्रान्सप्युटर म्हणायचे त्यांना, ते घेऊन एकमेकांना जोडले. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, ६४ प्रोसेसरचा. परम म्हणजे श्रेष्ठ, आणि इंग्रजीतल्या 'पॅरलल मशीन'चंही ते छोटं रूप.

पण यंत्र जोडून अर्धंच काम होतं. प्रत्येक ट्रान्सप्युटरची मेमरी वेगळी. एकाकडची संख्या दुसऱ्याला हवी असेल, तर निरोप पाठवून मागायची. एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेले जुने प्रोग्राम त्यावर तसेच टाकून चालणारे नव्हते. गणित फोडायचं, वाटायचं, कुणी कुणाला कधी निरोप पाठवायचा ते ठरवायचं. म्हणून सी-डॅकला यंत्राबरोबर 'परास' नावाचं सॉफ्टवेअरही बनवावं लागलं. आपल्याला परमचा फोटो माहीत असतो. त्याच्या आत गणितं फोडत बसलेल्या लोकांचा फोटो कुणी छापत नाही.

त्याच काळात करमरकर अजून बेल लॅब्जमध्येच होते, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते नंतर आले. त्यांच्या डोक्यात दुसरा काटा होता. प्रोसेसर कितीही असू द्या, सगळे एकाच वेळी एकाच मेमरीच्या दारात गेले की रांग लागणारच. १९९१ मध्ये त्यांनी यावर भूमितीतून उपाय मांडला. सात बिंदू आणि सात रेषांची एक आकृती असते. प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, आणि कोणत्याही दोन बिंदूंमधून नेमकी एकच रेषा जाते. बिंदू म्हणजे मेमरीचे कप्पे आणि रेषा म्हणजे प्रोसेसर असं धरलं, तर कामाचं वेळापत्रक असं लावता येतं की प्रत्येक क्षणी सातही प्रोसेसर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सात गाड्या, सात काटे, रांग नाही. हीच कल्पना मोठ्या आकृत्यांना लावता येते.

फुकटचा वेग संपला

मग हे सगळं तुमच्या-माझ्यापर्यंत कधी आलं? तोवर सामान्य माणसाला याची गरजच नव्हती. दर दोन वर्षांनी प्रोसेसर वेगवान व्हायचा आणि जुना प्रोग्राम आपोआप पळायचा. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झला पोहोचला आणि गाडी अडकली. वेग वाढवला की उष्णता इतकी, की चिप थंड ठेवणं अवघड. त्याच वर्षी इंटेलने पुढचा वेगवान प्रोसेसर रद्द केला. एकाला आणखी पळवण्याऐवजी दोघांना कामाला लावायचं ठरलं. २००५ पासून दोन कोर दुकानात आले, मग चार, मग आठ.

तिथून जुन्या गणिती सॉफ्टवेअरची पंचाईत झाली. मॅटलॅबचे जनक क्लीव्ह मोलर यांनी १९९५ मध्ये, समांतर मॅटलॅब का नाही, अशा नावाचा लेखच लिहिला होता. त्याच मॅटलॅबला २००७ मध्ये अनेक कोर वापरायची सोय आणावी लागली.

२००७ सालीच पुण्यात आणखी एक गोष्ट घडली. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने 'एका' हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो चौथा आला. आत चार-चार कोरचे साधे इंटेल प्रोसेसर, एकूण १४,२४० कोर. ही यादी ठरते ती लिनपॅक या परीक्षेवर, आणि लिनपॅक म्हणजे काय? एक प्रचंड समीकरणसंच सोडवणं, आपण नरसिंहपूरला पाहिलं ते गच्च गणित. एकाने सेकंदाला जवळजवळ ११८ लाख कोटी आकडेमोडी केल्या. कागदावरची क्षमता होती १७१ लाख कोटी. म्हणजे जगातल्या चौथ्या यंत्रातही जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद वापरात आलीच नाही. हे वाचलं तेव्हा मला माझ्या लॅपटॉपबद्दल जरा बरं वाटलं.

पुन्हा आमच्या ओसरीवर

अण्णांच्या प्रश्नानंतर मी आधी एक मूर्खपणा केला. आठ कोर आहेत ना, मग गणिताचे आठ भाग करून आठ प्रोग्राम एकदम सुरू केले. वेग वाढायच्या ऐवजी घटला! कारण आतल्या समीकरण सोडवणाऱ्या लायब्ररीने प्रत्येक प्रोग्रामसाठी पुन्हा आठ-आठ धागे सुरू केले होते. आठ गुणिले आठ, चौसष्ट. एका वाफ्यात चौसष्ट कोयते, सगळे एकमेकांना धडकतायत. त्यावर लॅपटॉपचा पंखा असा ओरडला की आई बघायला आली.

मग वाचत वाचत करमरकरांपर्यंत पोहोचले. विद्यार्थ्यांना फुकट मिळणारा एक चांगला सॉल्व्हर घेतला आणि त्यात सिम्प्लेक्सऐवजी इंटिरिअर पॉइंटची रीत निवडली. एका ओळीचा बदल. टास्क मॅनेजरमध्ये आठही रेघा वर गेल्या. जेवण होऊन भांडी होईपर्यंत जे संपत नव्हतं, ते चहाला उकळी येईपर्यंत संपलं.

आठपट वेग मात्र मिळाला नाही. शेवटी एक टप्पा असतो, उसातून बाहेर येऊन नेमका कोपरा गाठायचा. तो पुन्हा बांधावरूनच, एकट्याने. तेवढ्या वेळात रेघ परत बारा टक्क्यांवर. काटा काही सुटत नाही, फक्त त्याच्यापुढची रांग छोटी होते. आणि सिम्प्लेक्सही टाकाऊ नाही. रोज थोडासा बदल करून तेच गणित पुन्हा सोडवायचं असेल तर कालच्या कोपऱ्यावरून पुढे निघणं सोपं पडतं. चांगले सॉल्व्हर म्हणूनच एका कोरवर ही रीत, दुसऱ्यावर ती, अशी शर्यत लावतात आणि जी आधी पोहोचेल तिचं उत्तर घेतात.

यादी छापली. आमचा ऊस जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात होता. अण्णांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. म्हणाले, "यादी झ्याक झाली. आता ही मुकादमाला कोन सांगनार?"

कॉलेजचा प्रोजेक्ट होता तो. कारखान्याने तो पाळावा असं काही नव्हतं. त्या वर्षी टोळी फेब्रुवारीच्या शेवटी आली. मार्चपेक्षा बरं, पण त्याचं श्रेय माझ्या प्रोग्रामला नाही. शेतकी ऑफिस, चिटबॉय, मुकादमाची उचल, पाऊस, या सगळ्यातून गेल्याशिवाय यादीचा ऊस होत नाही, आणि या वाटेत माझे आठ कोर कुठेच लागत नाहीत. प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर मी तेवढं एक वाक्य लिहिलं. सरांनी त्याखाली रेघ ओढली, बरोबर की चूक ते सांगितलं नाही.

अण्णांना मात्र मी उत्तर दिलं. म्हटलं, "अण्णा, आठही राबतात, पण काम वाटून देता आलं पाहिजे." ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय सांगितलंस?"

मोटर यंदा बदलली. प्रोजेक्टच्या जोरावर लागलेल्या नोकरीच्या दुसऱ्या पगारातून.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या कामात काटा कुठे आहे, ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात परमच्या आतले निरोप नेमके कसे धावायचे, त्यावर बोलू. तोवर, भेटूच.